जड प्रतिस्पर्ध्याला हरवणारा बॉक्सर: विजयाचं मोल कसं ठरवावं

महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. आज त्या किताबाच्या गटात ८६ पासून १२५ किलोपर्यंतचे मल्ल उतरतात. एकाच गदेसाठी झुंजणाऱ्या दोघांत ३९ किलोंचा फरक असू शकतो आणि तो नियमात बसतो. त्यामुळे हलक्याने जडाला पाडलं म्हणजे नेमकं काय केलं, हे ओळखणारी नजर आपल्याकडे तालमीत पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहे. नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. हाच नरसिंग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७४ किलो गटात खेळला आणि २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याच गटात त्याने कांस्यपदक जिंकलं. जड मल्लांच्या गटात त्याने काय साधलं, हे समजायला कुस्ती जाणणाऱ्या माणसाला वेळ लागला नाही. मोठ्या अंगाच्या मल्लाला पकड मिळू द्यायची नाही, त्याला सतत हलवत ठेवायचं, दम लागला की पटात घुसायचं, हे सगळं डोळ्यांपुढे घडत होतं.

बॉक्सिंग पाहताना मात्र हीच नजर आपण बाजूला ठेवतो. वीस-पंचवीस किलोंनी जड माणसाला कुणी हरवलं की अर्ध्या मिनिटाची क्लिप मोबाइलवर फिरते, सोबत ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ हे वाक्य येतं आणि विषय संपतो. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात ‘साई’चं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे, शाळकरी मुलं-मुली हातमोजे घालून सराव करतात, आणि त्यांचे पालक, क्रीडाशिक्षक, बातमीदार हेच विजय दाखले म्हणून पुढे करतात. म्हणून असा विजय कसा जोखायचा, हे एकदा सविस्तर पाहू.

सुरुवात काट्यापासून करा. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये युक्रेनचा ओलेक्सांदर उसिक आणि ब्रिटनचा टायसन फ्युरी समोरासमोर आले. आदल्या दिवशी उसिकचं वजन २३३.५ पौंड जाहीर झालं, आणि नंतर ते २२३.५ असल्याचं स्पष्ट करण्यात आलं. दहा पौंड म्हणजे साडेचार किलोंची चूक, तीही जगातल्या सगळ्यात गाजलेल्या लढतीत. तेव्हा पहिल्या बातमीतला आकडा धरून बसू नका. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी. सगळ्यात वरच्या गटाला वरची मर्यादाच नसते, त्यामुळे काही जण कपड्यांसकट काट्यावर चढतात. आकडे पौंडात असतील तर किलो करून घ्या, नाहीतर फरकाचा अंदाजच येत नाही. फ्युरी त्या दिवशी २६२ पौंड होता. म्हणजे उसिक साधारण १०१ किलो, फ्युरी ११९.

आता हा फरक नुसत्या किलोंत न मोजता हलक्याच्या वजनाच्या मानाने मोजा. अठरा किलोंचा फरक १०१ किलोच्या माणसासमोर सतरा-अठरा टक्के होतो. तोच अठरा किलोंचा फरक ५० किलोच्या मुलासमोर आला तर ३६ टक्के होतो, आणि तिथे लढत लावणं हाच गुन्हा आहे. शिवाय शंभर किलोंच्या वर एक वेगळी गोष्ट घडते. शंभर किलोंचा कसलेला बॉक्सर कोणत्याही वजनाच्या माणसाला एका ठोशात लोळवू शकतो. समोरच्याचं वजन आणखी तीस किलोंनी वाढलं म्हणून त्याची हनुवटी तेवढी मजबूत होत नाही. वाढलेलं वजन त्याला स्वतःच्याच पायांवर वाहावं लागतं, तेही बारा फेऱ्या. म्हणून वरच्या गटाला मर्यादा नसणं चालून जातं. खालच्या गटांत मात्र पाच-पाच किलोंवर रेघ ओढावी लागते.

टक्केवारीवरूनच निकाल लागत असता तर ब्रिटनच्या डेव्हिड हेचा विजय सगळ्यात मोठा मानावा लागला असता. ७ नोव्हेंबर २००९ ला जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला त्याने रशियाच्या निकोलाय व्हॅल्यूएव्हला हरवून डब्ल्यूबीए या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा मिळवला. हे सुमारे ९९ किलो, व्हॅल्यूएव्ह सुमारे १४४. उंची १९१ सेंटिमीटर विरुद्ध २१३. हलक्याच्या वजनाच्या मानाने ४५ टक्के फरक. दोघांचं एकत्र छायाचित्र पाहिलं तर हेचं डोकं व्हॅल्यूएव्हच्या खांद्याच्या आसपास येतं. अशा छायाचित्रावरूनच बहुतेकांचं मत बनतं, आणि मला वाटतं तिथेच चूक होते.

त्या लढतीत काय झालं? हे बारा फेऱ्या फिरत राहिला. आत शिरायचा, एक-दोन ठोसे मारायचा, व्हॅल्यूएव्हचा हात यायच्या आत बाहेर. ठोशांची संख्या थोडी होती, लढत पाहायला कंटाळवाणी होती. उजवा हात दुखावल्याचं त्याने नंतर सांगितलं. बाराव्या फेरीत मात्र त्याने व्हॅल्यूएव्हला डगमगवलं. दोन पंचांनी ११६-११२ असा कौल त्याला दिला, तिसऱ्याने ११४-११४ अशी बरोबरी दाखवली. व्हॅल्यूएव्हने हवेत किती ठोसे घालवले, हे ती लढत पुन्हा पाहताना मोजा. त्याचे पाय हेच्या मागे पोहोचतच नव्हते. २१६ सेंटिमीटरची पोहोच असलेल्या माणसाला तिचा उपयोग करता येत नव्हता, कारण ठोसा सुटायच्या वेळी समोरचा तिथे उरत नव्हता.

दुसरी गोष्ट, व्हॅल्यूएव्हचं कुलूप आधीच उघडलं गेलं होतं. एप्रिल २००७ मध्ये स्टुटगार्टला रुस्लान चगायेव्हने त्याला गुणांवर हरवलं होतं. चगायेव्ह तर हेपेक्षाही बुटका. डिसेंबर २००८ मध्ये झ्युरिचला ४६ वर्षांच्या इव्हँडर होलीफिल्डने त्याला इतकं जेरीस आणलं की निकाल व्हॅल्यूएव्हच्या बाजूने लागल्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. म्हणजे हे न्यूरेम्बर्गला उतरला तेव्हा या माणसाला हरवायचं कसं, हे जगाला ठाऊक होतं. हेने ते शांत डोक्याने, शिस्तीत करून दाखवलं. चतुर विजय, पुरेपूर हक्काचा विजय, पण आकाराने दिसतो तेवढा मोठा नव्हे.

याचा पुरावा पुढच्या दीड-दोन वर्षांत मिळाला. २ जुलै २०११ ला हॅम्बुर्गमध्ये हेची गाठ व्लादिमिर क्लिचकोशी पडली. क्लिचको सुमारे ११० किलो, १९८ सेंटिमीटर. व्हॅल्यूएव्हपेक्षा तीसेक किलोंनी हलका, उंचीने १५ सेंटिमीटर कमी. कागदावर फरक निम्म्याहून कमी झाला होता. निकाल मात्र उलटा लागला: ११८-१०८, ११७-१०९, ११६-११०, तिन्ही पंच क्लिचकोच्या बाजूने. हे तोच, फिरणं तेच, लांबून झेपावणारा उजवाही तोच. पण क्लिचकोचा डावा हात कायम पुढे होता. त्या हाताने तो अंतर मोजत होता, हे आत येऊ लागला की त्यावरच त्याला अडवत होता, आणि तरीही आत आलाच तर मिठी मारून त्याच्या मानेवर आपलं वजन टाकत होता. हेने नंतर पायाच्या बोटाच्या दुखापतीचं कारण दिलं. दुखापत असेल, पण बारा फेऱ्या डाव्या हाताच्या टोकावर अडकून पडण्याचं कारण बोटात नव्हतं.

या दोन लढती शेजारी ठेवून पाहा, असं मी प्रत्येक प्रशिक्षकाला आणि बॉक्सिंग लिहिणाऱ्या तरुण बातमीदाराला सांगेन. मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा आकार नुसता असून चालत नाही, तो लढतीत वापरला जावा लागतो. वापरला गेला आणि तरीही लहान जिंकला, तर विजय मोठा. आकार वापरताच आला नाही, तर विजयाचा काही वाटा प्रतिस्पर्ध्याच्या उणिवेला द्यावा लागतो. या प्रश्नाचं उत्तर फक्त लढत पाहून मिळतं, काट्यावरून नाही.

आकार वापरला जातोय की नाही, हे कशावरून ओळखायचं? उंच माणसाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पाहा. तो जॅब लहानाला लागला नाही तरी चालेल. तो त्याला थांबवतोय का, दिशा बदलायला लावतोय का, हे पाहायचं. लहानाला ठोसा मारायला एक पट्टा ओलांडावा लागतो, जिथे मोठ्याचा हात पोहोचतो आणि त्याचा पोहोचत नाही. त्या पट्ट्यात तो उभा राहतोय, थबकतोय, की न थांबता आरपार जातोय? आत गेल्यावर काय होतं? आत लांब हात अडचणीचे होतात, तिथे लहानाचे हुक आणि बरगड्यांवरचे ठोसे चालतात. म्हणूनच हुशार मोठा माणूस आत आलेल्याला धरून ठेवतो. मिठीत कोण कोणावर ओणवतोय ते बघा. वीस किलोंनी जड माणूस मानेवर रेलला की लहानाचे पाय दोन-तीन फेऱ्यांत जड होतात, आणि हे गुणफलकावर कुठेच दिसत नाही. मुख्य पंच मिठी लगेच सोडवतोय की रेंगाळू देतोय, यावर कित्येक लढतींचा कल ठरतो. पंचाने वेळेवर सोडवलं नाही आणि तरी लहान जिंकला, तर त्याच्या बाजूने आणखी थोडं वजन टाका.

लहानाच्या बाजूच्या चुकाही तेवढ्याच काळजीने पाहिल्या पाहिजेत. उंच माणसावर मारायचं म्हणजे हात वरून गोल फिरवून आणावा लागतो. असा ठोसा पुष्कळदा मोज्याच्या आतल्या बाजूने लागतो किंवा डोक्याच्या मागे पडतो. प्रेक्षक ओरडतात, पण त्याला गुण नाही. मागच्या बाजूला मारणं तर नियमभंग आहे. मोज्याच्या गाठींच्या भागाने, डोक्याच्या समोर किंवा बाजूला आणि कमरपट्ट्याच्या वर समोरून बसलेला ठोसाच खरा. जडाचे ठोसे हातांवर, कोपरांवर अडले तरी त्यांचा आवाज मोठा येतो आणि आपण ते मनात जमा धरतो, हेही तितकंच खरं. दोन्हीकडून फसायला होतं.

समोरचा माणूस त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होता, हा पुढचा प्रश्न. ४ जुलै १९१९ ला अमेरिकेत टोलेडोला जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडलं. चौथ्या फेरीला विलार्ड उठलाच नाही. डेम्प्सी सुमारे ८५ किलो, विलार्ड सुमारे १११. शंभर वर्षं हा विजय लहानाने मोठ्याला हरवल्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, आजही पाहता येतं, आणि डेम्प्सीचा वेग पाहून आजही दचकायला होतं. पण विलार्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि किताबाची त्याची आधीची लढत १९१६ मधली होती. शिवाय त्या काळी पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून तो उठताक्षणी पुन्हा मारायला बंदी नव्हती. आजच्यासारखं दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागलं असतं, तर पहिल्या फेरीतल्या सात पडझडींपैकी काही टळल्या असत्या. डेम्प्सी थोर होता, यात शंका नाही. पण त्या एका दुपारीवरून ८५ किलोचा माणूस १११ किलोच्या तयार, तरण्या बॉक्सरला असाच तुडवेल असा नियम काढता येत नाही.

१९३५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला जो लुईने हरवलेला प्रिमो कार्नेरा हा आणखी एक राक्षस. त्याच्या आधीच्या बऱ्याच लढती पडद्याआड ठरवलेल्या होत्या असा संशय कायम राहिला. मोठ्याची कारकीर्द तपासा, ती कुणाला हरवून उभी राहिली ते बघा, एवढं त्यावरून घ्यावं. आपल्याकडे ज्यांच्या घरात दारासिंग आणि किंगकाँगच्या मुंबईतल्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ते मनोरंजनाचे सामने होते. त्यांतून घडलेल्या अपेक्षा बॉक्सिंगच्या निकालाला लावू नयेत.

आता पुन्हा उसिक आणि फ्युरीकडे, कारण मोठ्या फरकाच्या विजयांत माझ्या मते आजवरचा सगळ्यात भरीव विजय तो आहे. फ्युरी २०६ सेंटिमीटर, पोहोच २१६. उसिक १९१ आणि १९८. पण फ्युरी व्हॅल्यूएव्ह नव्हे. तो पायांवर हलका, डोकं हलवणारा, दोन्ही बाजूंनी उभा राहून लढणारा. मे २०२४ च्या लढतीत चौथ्या ते सातव्या फेरीपर्यंत त्याने आपला आकार पुरेपूर वापरला. उसिक आत आला की खालून येणारे अपरकट, पोटावरचे जोरकस ठोसे. उसिक मागे सरकत होता. आठव्या फेरीपासून वारं फिरलं. उसिक डावखुरा, आपलं पुढचं पाऊल फ्युरीच्या पुढच्या पावलाच्या बाहेर टाकून तो डाव्या हाताची सरळ वाट मोकळी करत होता. नवव्या फेरीत तो डावा हात बसला आणि फ्युरी दोरांवर धडपडत गेला. दोरांनीच त्याला धरून ठेवलं म्हणून पंचाने आठपर्यंत आकडे मोजले.

इथे गुणपत्रिका समोर घेऊन बसा, कारण असे निकाल कसे वाचायचे याचा याहून चांगला धडा नाही. पंचांचे कौल होते: ११५-११२ उसिक, ११४-११३ उसिक, ११४-११३ फ्युरी. नवव्या फेरीत आकडे मोजले गेल्याने ती फेरी १०-८ झाली. मोजले गेले नसते आणि फेरी १०-९ झाली असती तर दुसऱ्या पंचाची पत्रिका ११४-११४ होते. मग एक उसिकचा, एक फ्युरीचा, एक बरोबरीचा, असा मिळून निकाल अनिर्णित. चार पट्टे एकत्र आणणारा, जड गटाच्या इतिहासातला एवढा गाजलेला निकाल एका आकडेमोजणीवर उभा होता. तो निर्णय बरोबरच होता. दोरांनी सावरलेला माणूस पडलेलाच धरतात. पण ज्याने निव्वळ ‘उसिकने फ्युरीला लोळवलं’ असं लिहिलं त्याने लढत पाहिली नाही, आणि ‘फ्युरीवर अन्याय झाला’ म्हणणाऱ्यानेही पाहिली नाही.

फ्युरीच्या अवस्थेचा प्रश्न तिथेही होता. त्याआधीच्या ऑक्टोबर २०२३ च्या लढतीत, मिश्र मार्शल आर्ट्‌समधून पहिल्यांदाच बॉक्सिंगच्या रिंगमध्ये आलेल्या फ्रान्सिस न्गानूने त्याला खाली पाडलं होतं. मग सरावात डोळ्यावर कापल्याने उसिकशी फेब्रुवारीतली ठरलेली लढत मेपर्यंत पुढे गेली. फ्युरी उतरणीला लागलाय, असं म्हणायला वाव होता. म्हणूनच दुसरी लढत महत्त्वाची. २१ डिसेंबर २०२४ ला, पुन्हा रियाधमध्ये, फ्युरी २८१ पौंड घेऊन आला, सुमारे १२७ किलो. आधीपेक्षा आठ-नऊ किलो जास्त. बेत उघड होता: रेलायचं, दमवायचं, चिरडायचं. उसिक सुमारे १०२ किलो. तिन्ही पंचांनी ११६-११२ दिले, तिघांनीही उसिकला. पंचवीस किलोंचा फरक, प्रतिस्पर्धी तयारीनिशी आलेला, आधीच्या लढतीची चित्रफीत दोघांकडेही, आणि तरी निकाल पहिल्यापेक्षा स्पष्ट. एका रात्रीच्या विजयात नशिबाला जागा असते. त्याच माणसाला, तो अधिक जड होऊन आला असताना, पुन्हा हरवलं तर ती जागा फारच थोडी उरते. कोणत्याही लहानाच्या विजयाचं मोल ठरवताना दुसरी गाठ पडली का आणि तिथे काय झालं, हे मी सगळ्यांत वर ठेवतो.

पाहण्याची पद्धत साधी ठेवा. लढत पुन्हा पाहताना आवाज बंद करा. समालोचक लहानाच्या बाजूने झुकतात, प्रेक्षक त्याहून जास्त, आणि कान ऐकतात तसं डोळे पाहू लागतात. हातात कागद घ्या, प्रत्येक फेरी संपल्यावर लगेच गुण लिहा, आधीच्या फेऱ्यांची बेरीज पाहू नका. ज्या फेरीबद्दल मन डळमळलं तिच्यापुढे खूण करा. शेवटी बेरीज करून खुणा असलेल्या फेऱ्या एकदा याला, एकदा त्याला देऊन बघा. निकाल दोन्हीकडे झुकत असेल तर लढत खरोखरच अटीतटीची होती आणि कुणाच्याही विजयाला कुणी चोरी म्हणू नये. दुसऱ्यांदा पाहताना फक्त मोठ्याच्या पायांकडे बघा, हातांकडे नको. पाय कुठल्या फेरीत थांबले, हे कळलं की लढत कुठे फिरली हे कळतं.

हे सगळे दाखले बारा फेऱ्यांच्या, ३६ मिनिटांच्या लढतींचे आहेत. तुम्ही शहरात किंवा राज्य स्पर्धेत जी लढत पाहाल ती तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असेल. हा फरक फार मोठा आहे. उसिकची वाट नवव्या फेरीत मोकळी झाली. हौशी बॉक्सिंगमध्ये नववी फेरी नाहीच. जड माणसाचा दम संपेपर्यंत थांबण्याचा बेत तिथे चालत नाही. नऊ मिनिटं तो आपलं वजन व्यवस्थित वाहू शकतो. म्हणून हौशी स्पर्धेत वरच्या गटात लहानाने जिंकलं तर पहिल्या फेरीत त्याने काय केलं ते आधी पाहा. तिथे पाच पंच गुण देतात, आणि ते मोजतात नीट बसलेले ठोसे, लढतीवरची हुकमत आणि झुंजण्याची वृत्ती. पाचांपैकी चारांनी किंवा पाचांनी कौल दिला तर विजय ठाम. तीन-दोनने जिंकला तर कौतुक करा, पण दाखला म्हणून मिरवू नका.

नवे गटही माहीत असू द्या. जागतिक संघटनेने २०२५ पासून पुरुषांसाठी सर्वात वरचा गट ९० किलोंच्या वर ठेवला आहे आणि महिलांसाठी ८० च्या वर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा वरचा गट ९२ च्या वर होता. ९१ किलोचा तरुण आणि १२० किलोचा तरुण आता एका गटात येऊ शकतात. आपल्याकडच्या जड मुलांसाठी हे अवघड आहे, कारण अशी मुलं मोजकीच असतात आणि त्यांना सरावाला तोडीचा जोडीदार मिळत नाही.

त्यातूनच माझी सगळ्यात मोठी काळजी येते. मोठ्याला हरवल्याच्या क्लिप पाहून सरावात मुलांना मुद्दाम जड जोडीदारासमोर उभं करण्याची खोड वाढते. ‘भीती जाते’ असं सांगतात. जत्रेतल्या मैदानात जुने वस्ताद दोन पोरं शेजारी उभी करायचे, खांदे, दंड, मान बघायचे, आणि जोड बसत नसेल तर नारळावरची कुस्तीसुद्धा लावायचे नाहीत. कुस्तीत पाठ टेकते. बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसतो, आणि वाढत्या वयाच्या मुलाच्या मेंदूला बसलेला धक्का पाठ टेकण्यासारखा दुसऱ्या दिवशी विसरता येत नाही. उसिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जड गटाच्या खालचा क्रूझरवेट गट पूर्ण पादाक्रांत करून, मग जड गटात आला. त्याचा दाखला चौदा वर्षांच्या मुलाला लावणं चुकीचं आहे.

जड जोडीदारासोबत सराव करावाच लागला तर ठरवून करा: जड मुलाने फक्त जॅब मारायचा, डोक्यावर जोर लावायचा नाही, फेऱ्या लहान, मोजे मोठे, डोक्याचं कवच घातलेलं. सराव पाहायला तिसरं माणूस हवं. मार बसल्यावर मुलाला डोकेदुखी, ओकारी, अंधूक दिसणं, बोलण्यात गोंधळ किंवा जास्त झोप यांपैकी काहीही जाणवलं तर त्या दिवशी मोजे काढायचे आणि घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवायचं. स्पर्धेत एकदा नॉकआउट झालेल्या बॉक्सरला किमान ३० दिवस रिंगपासून दूर ठेवण्याचा नियम हौशी बॉक्सिंगमध्ये आहे. सरावातल्या माराला तो कमी लागू होतो असं कुणी समजू नये.

पालकांनो, तुमचं मूल बॉक्सिंगला जात असेल तर प्रशिक्षकांना दोन गोष्टी विचारा: सरावाआधी दोघांचं वजन वहीत लिहिलं जातं का, आणि सराव थांबवायचा अधिकार त्यांच्याखेरीज आणखी कुणाला आहे का. दोन्हीचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत आपल्या मुलाला जड जोडीदारासमोर रिंगमध्ये पाठवू नका.